शाळेच्या जेवणाचा फॉर्म आणि फूड स्टँप : रस्ता एकाच बाजूने का?

चिमणचारा | २७ ऑगस्ट २०२५

मंडळी, न्यू जर्सीतल्या एका शाळा-डिस्ट्रिक्टच्या जेवणखात्यात मी अर्धवेळ काम करते. (नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.) शाळा उघडायच्या आधीचे हे दोन आठवडे म्हणजे फॉर्मांचा पाऊस. मोफत किंवा सवलतीच्या जेवणासाठी घरटी एक फॉर्म. त्यात सगळ्या मुलांची नावं, घरातल्या प्रत्येकाची मिळकत आणि ती किती दिवसांनी मिळते ते. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि नंबरच नसेल तर एका चौकोनात खूण. पगाराची चिठ्ठी मागत नाही, व्हिसा विचारत नाही.

फॉर्म साधा वाटतो पण त्यात एक खड्डा आहे. 'दर दोन आठवड्यांनी' आणि 'महिन्यातून दोनदा' हे लोकांना एकच वाटतं. आम्ही पहिल्याला २६ ने गुणतो, दुसऱ्याला २४ ने. १,६०० डॉलरच्या पगारावर वर्षाला ३,२०० चा फरक. चौघांच्या घराला मोफत जेवणाची केंद्राची मर्यादा यंदा (२०२५-२६) ४१,७९५ डॉलर आहे, म्हणजे नको त्या चौकोनातली खूण एखाद्या घराला आत नाहीतर बाहेर करते. आमच्या राज्याने मोफतची हद्द दारिद्र्यरेषेच्या २२४ टक्क्यांपर्यंत नेल्यापासून या काठावरच्या मारामाऱ्या कमी झाल्यात, देवाची कृपा.

आता मुद्दा. ज्यांच्या घरी स्नॅप (किराण्यासाठीची सरकारी मदत, जुन्या भाषेत फूड स्टँप) चालू आहे त्यांना फॉर्म भरावाच लागत नाही. राज्याची स्नॅपची यादी आणि शाळेचा पट संगणकावर जुळवतात, वर्षातून निदान तीनदा. जुळलं नाव की मूल मोफत, आणि एक जुळलं की त्या घरातली बाकीची भावंडंही. सुरेख व्यवस्था.

पण उलटं? गेल्या वर्षी एका आईचा फॉर्म आला. तीन मुलं, मिळकत इतकी कमी की मी दोनदा बेरीज केली. यादीत नाव नाही, म्हणजे स्नॅप नाही. मी दहा मिनिटांत मंजूर केला. मुलांना सोमवार ते शुक्रवार नाश्ता आणि जेवण मिळालं. आमच्या कॅफेटेरियात एक 'शेअर टेबल' असतं, न उघडलेलं दूध, चीज, सफरचंद मुलं तिथे ठेवतात आणि ज्याला हवं तो उचलतो. त्या तिघांतला मधला दर शुक्रवारी तिथून चीजच्या कांड्या उचलून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात घालायचा. मोजून तीन.

तिचा कागद माझ्या हातात होता. या घराला किराण्याची गरज आहे हे मला कळत होतं. पण तो कागद मी काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसकडे (स्नॅपचे अर्ज घेणाऱ्या जिल्हा कचेरीकडे) नुसता सरकवू शकत नाही. एक पत्रक हातात द्यायचं आणि 'इथे अर्ज करा' म्हणायचं, बस्स. तिकडून इकडे हायवे, इकडून तिकडे पायवाटसुद्धा नाही. असं का? कुणाला आतली माहिती आहे का?

टोचणारा | २७ ऑगस्ट

विषय चांगला आहे पण मराठी संस्थळावर याचं प्रयोजन कळलं नाही. आपल्यापैकी कोण फूड स्टँपवर असतं? एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याला मिळतही नाही.

भीमथडी | २७ ऑगस्ट

@टोचणारा, अमेरिकेत मराठी म्हटलं की फक्त आयटी आणि गणेशोत्सवाची वर्गणी एवढंच डोळ्यासमोर येतं का? आमच्या डॅलसकडे मोटेलवर, गॅस स्टेशनवर राबणारी देशी कुटुंबं ढिगाने आहेत. त्यांची पोरं याच शाळांत जातात.

चिमणचारा ताई, तुमच्याकडे निदान राज्य हात पुढे करतं. २०२४ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक गरजू मुलामागे १२० डॉलर कार्डावर द्यायची कायमची केंद्रीय योजना सुरू झाली. पैसे केंद्राचे, राज्याने फक्त व्यवस्थापनाचा निम्मा खर्च उचलायचा. टेक्सासने पहिल्याच वर्षी नको म्हटलं. फ्लोरिडा, जॉर्जियानेही. म्हणजे आमच्याकडे हायवेही अर्धाच.

काउंटीबाबू | २८ ऑगस्ट

मी मिडवेस्टातल्या एका काउंटीत स्नॅपचे अर्ज बघतो, आठ वर्षं झाली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो.

पहिली गंमत : वर वॉशिंग्टनात दोन्ही योजना एकाच खात्याच्या, कृषी खात्याच्या. खाली राज्यात आल्या की फाटे फुटतात. न्यू जर्सीत शाळेचं जेवण राज्याच्या कृषी विभागाकडे आणि स्नॅप मानवसेवा विभागाकडे, तेही काउंटीमार्फत. एका आईच्या दोन मुली, पण सासरं वेगळी.

दुसरं, 'घर' या शब्दाचा अर्थच वेगळा. शाळेच्या फॉर्मला एका छपराखाली एकत्र खर्च भागवणारी माणसं म्हणजे घर. स्नॅपला जे किराणा एकत्र आणून एकत्र रांधतात ते घर. आजी त्याच घरात राहते पण आपली चूल वेगळी ठेवते, तर ती एका कागदावर आत आणि दुसऱ्यावर बाहेर असू शकते. (नवरा-बायको आणि बावीस वर्षांच्या आतली मुलं यांचे नियम आणखी वेगळे, त्यात शिरत नाही.)

तिसरं आणि खरं कारण : पुरावा. शाळेच्या फॉर्मवर लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवतात, नंतर थोडक्या अर्जांची पडताळणी. स्नॅपला मुलाखत, पगाराच्या चिठ्ठ्या, भाडं, ओळख, सगळं आधी. साधारण ३० दिवसांत निकाल, अगदीच हातावर पोट असेल तर ७ दिवसांत. म्हणून स्नॅपचं नाव शाळेला चालतं, कारण ते आधीच तावून-सुलाखून आलेलं असतं. शाळेचं नाव आम्हाला थेट चालत नाही.

आणि आता तर राज्यं आणखी हात आखडणार. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यात असं आहे की २०२८ च्या आर्थिक वर्षापासून ज्या राज्याच्या वाटपात चुकांचं प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून वर, त्याने लाभाच्या रकमेतलाही ५ ते १५ टक्के वाटा स्वतः भरायचा. आजवर लाभाचा सगळा पैसा केंद्राचा होता. व्यवस्थापनातला राज्याचा वाटाही २०२७ पासून निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर. आमच्या सुपरवायझरने परवाच मीटिंगमध्ये 'अचूकता' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की मी मोजायचं सोडलं. अशा वेळी शाळेतून आलेला बिनपुराव्याचा ढीग कोण आनंदाने घेईल?

पण याचा अर्थ काहीच होऊ शकत नाही असा नाही. शाळेच्या कागदाने स्नॅप मंजूर होणार नाही, पण स्नॅपचा अर्ज सुरू तर होऊ शकतो. नाव, पत्ता, मुलं, फोन एवढं जरी आमच्याकडे आलं तरी आम्ही फोन करून मुलाखत लावू शकतो. लोक अडतात ते पात्रतेवर नाही, पहिल्या पायरीवर.

पारिजात | २८ ऑगस्ट

काउंटीबाबू, नेमकं हेच कॅलिफोर्नियात कायद्यात आहे. २०११ साली विधेयक मंजूर झालं की पालकांनी संमती दिली तर शाळेच्या जेवणाच्या फॉर्मवरची माहिती काउंटीला देऊन तिथून कॅलफ्रेशचा (इथल्या स्नॅपचं नाव) अर्ज चालू करता येईल. त्याआधी २००० नंतरच्या काही वर्षांत मेडि-कॅलसाठी, म्हणजे गरिबांच्या आरोग्यविम्यासाठी, हाच प्रयोग झाला होता. म्हणजे कल्पना नवीन नाही.

कळीचा शब्द 'संमती'. फॉर्मवरची मिळकत वगैरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय अशी दुसरीकडे देता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या फॉर्मसोबत 'ही माहिती इतर योजनांना द्यायला हरकत नाही' असं एक वेगळं पान असतं का बघा, चिमणचारा. बहुतेकदा असतं, पण त्यावर स्नॅपचं नाव लिहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. वाद्यवृंदाची फी माफ, सहलीची फी माफ, एवढंच.

पण खरी मेख पुढे आहे. आमच्याकडे २०२२-२३ पासून सगळ्या मुलांना शाळेत जेवण मोफत. कुणालाही फॉर्म नाही, रांगेत कुणाचा वेगळा रंग नाही. उत्तम. मग झालं काय, की फॉर्म गेला आणि कोण गरीब आहे हे कळायची खिडकीही गेली. शाळेला राज्याचा जादा निधी गरीब मुलांच्या संख्येवर मिळतो, म्हणून आता शाळा वेगळाच मिळकतीचा फॉर्म पाठवते आणि पालक म्हणतात, 'जेवण तर फुकट आहे, हे कशाला भरायचं?' माझ्या मुलीच्या शाळेतून त्या फॉर्मसाठी चार ईमेल आणि एक रोबोचा फोन आला. शेवटी, फॉर्म भरणाऱ्या वर्गाला पिझ्झा पार्टी जाहीर केली!

भीमथडी | २८ ऑगस्ट

पिझ्झाने गरिबी मोजायची. धन्य.

अबोली | २९ ऑगस्ट

टोचणारा यांना उत्तर देते. आयडी नवीन आहे, मुद्दाम काढलाय.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. एच-१बी त्याचा, मी एच-४, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर. दोन्ही मुलं इथे जन्मलेली. पुढे माझ्या कागदपत्रांचं काय झालं ती लांबण लावत नाही, पण मधले चौदा महिने घरात येणारा पैसा म्हणजे माझ्या भावाने भारतातून पाठवलेला आणि मंडळातल्या दोन मैत्रिणींनी गुपचूप दिलेला. मुलांच्या शाळेतल्या एका बाईंनी स्वतःहून जेवणाचा फॉर्म हातात दिला. मी तो आठ दिवस फ्रिजवर मॅग्नेटखाली ठेवला. वाटायचं, हा भरला की उद्या ग्रीन कार्डाच्या फाइलमध्ये कुठेतरी लाल शाई पडेल.

नाही पडत. शाळेचं जेवण 'पब्लिक चार्ज'मध्ये (हा माणूस सरकारी मदतीवर जगेल का, ही ग्रीन कार्ड देताना होणारी तपासणी) कधीच धरलं गेलं नाही, २०१९ च्या कडक नियमातसुद्धा नाही. स्नॅप त्या नियमात होतं, तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला, आणि २०२२ चा जो नियम आला त्यात स्नॅपही धरलं नव्हतं. हे मला वकिलाने सांगितलं तोवर सहा महिने गेले होते.

आणि हेही मला माहीत नव्हतं की मी पात्र नसले तरी माझी मुलं नागरिक आहेत, त्यांच्यापुरता अर्ज मी करू शकते. माझी स्वतःची इमिग्रेशनची माहिती न देता. शाळेतल्या बाईंनी फॉर्म घेतानाच 'याच कागदावर सही केलीत तर मुलांच्या किराण्याचीही चौकशी होईल' असं म्हटलं असतं तर मी केली असती की नाही? खरं सांगते, माहीत नाही. भीती फार वाईट असते. पण विचारलं असतं तर निदान कळलं असतं की असं काही असतं.

टोचणारा | २९ ऑगस्ट

अबोली, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. घाईत लिहिला होता.

गुरुजी_सातारा | ३० ऑगस्ट

वाचनमात्र असतो, आज लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तुमचं हे फॉर्म प्रकरण वाचून नवल वाटलं. आमच्याकडे पहिली ते आठवी, शाळेत आला तो जेवला. पाचवीपर्यंतच्या पोराला रोजचा १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. मिळकत विचारायची नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा, शिजवलेलं अन्न द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. आता मला फॉर्म नाही, पण ॲपवर रोज किती पोरं जेवली ते भरावं लागतं. नेट नसेल तर डोंगरावर चढून.

पण तुमचा एकेरी रस्ता आमच्याकडेही आहे, फक्त वेगळ्या जागी. घरच्या धान्यासाठी रेशनकार्डावर पोराचं नाव लागतं. प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो. नव्या जन्मलेल्याचं, किंवा वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलाच्या पोरांचं नाव चढवायचं राहून जातं. पटावर पोर माझ्यासमोर बसलेलं, शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला मीच जोडतो, मला ठाऊक असतं की कार्डावर हे नाव नाही. पण माझा पट आणि तहसीलच्या पुरवठा शाखेचं रजिस्टर एकमेकांना ओळखत नाहीत. मी पोराच्या बापाला सांगतो, बाप म्हणतो 'रोज बुडतो गुरुजी'. संपलं.

अवांतर : तुमच्या त्या ४१,७९५ डॉलरसारखी आमची हद्द म्हणजे प्राधान्य कुटुंबाला ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपये. रुपये हो, डॉलर नव्हे.

चिमणचारा | ३१ ऑगस्ट

गुरुजी, 'रोज बुडतो' हे वाक्य इथेही रोज ऐकते, फक्त स्पॅनिशमध्ये.

काउंटीबाबू, पारिजात, खूप आभार. ते संमतीचं पान शोधलं. आहे! गुलाबी कागद, तिसऱ्या पानामागे स्टेपल केलेलं. त्यावर खरंच वाद्यवृंद आणि परीक्षेच्या फीची माफी एवढंच. साहेबांना विचारलं की यात स्नॅपची ओळ घालूया का. ते म्हणाले, राज्याचा नमुना आहे, आपण हात लावला तर ऑडिटला कोण उत्तर देणार. मग म्हटलं, वेगळं पान? त्यावर 'लीगलला विचारतो'. म्हणजे दिवाळीनंतर.

अजून एक प्रश्न. आमच्या दोन प्राथमिक शाळा पुढच्या वर्षी सीईपीत जायचं घाटतंय, म्हणजे अख्ख्या शाळेला मोफत, फॉर्म बंद. पारिजात म्हणतात ते तिथे होईल का?

काउंटीबाबू | १ सप्टेंबर

होईल, आणि हिशेबामुळे जरा जास्तच बोचेल. सीईपीत शाळेला पैसे मिळतात ते फॉर्मवर नाही, यादीतून थेट जुळलेल्या मुलांवर. पटाच्या २५ टक्के मुलं अशी जुळली की शाळा पात्र (२०२३ पर्यंत ही अट ४० टक्के होती). पण परतावा ठरतो त्या टक्केवारीला १.६ ने गुणून. ४०० जुळलेली मुलं हजारात, तर ६४ टक्के जेवणांचे पैसे मोफतच्या दराने, बाकीचे नाममात्र. साडेबासष्ट टक्क्यांना पूर्ण. २५ टक्क्यांना जेमतेम ४० टक्के, उरलेलं डिस्ट्रिक्टने कुठूनतरी आणायचं.

आता बघा : तुमच्या त्या आईची तीन मुलं. फॉर्मच्या काळात ती 'मोफत' म्हणून मोजली जायची. सीईपीत ती जेवतील, पण हिशेबात नाहीत, कारण घरी स्नॅप नाही. तिला स्नॅप मिळवून दिलं तर घरात किराणा येतो आणि शाळेच्या आकड्यात तीन मुलं वाढतात. म्हणजे ताई, साहेबांना माणुसकी सांगत बसू नका, १.६ सांगा.

उन्हाळ्याच्या १२० डॉलरचंही तेच. फॉर्मवर मंजूर झालेल्या किंवा स्नॅपच्या मुलांना ते आपोआप मिळतात. सीईपी शाळेत फॉर्म न भरलेल्या घराला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ते घरच्यांना सांगायला कुणी नसतं.

आणि नव्या कायद्यात काम करण्याच्या अटी १४ वर्षांपुढच्या मुलांच्या आईबापांनाही लागू केल्यात. स्नॅपमधून घरं गळाली की शाळेच्या यादीतूनही गळतात. तुमचे २५ चे २२ व्हायला वेळ लागणार नाही.

पारिजात | १ सप्टेंबर

+१. 'माणुसकी नको, १.६ सांगा' हे फ्रेम करून लावते.

आणखी एक व्यावहारिक : नावं जुळत नाहीत म्हणून बरीच मुलं सुटतात. लॅटिनो मुलांची दोन आडनावं, आपल्याकडे मधे वडिलांचं नाव. काउंटीत एक, शाळेत दुसरं. न जुळलेल्यांची यादी हाताने बघायची सवय ठेवा. केस नंबरच्या जागी लोक ईबीटी कार्डावरचा (ज्यावर स्नॅपचे पैसे येतात त्या कार्डावरचा) लांबलचक नंबर लिहितात, तो चालत नाही, पण त्यावरून निदान कळतं की या घरात स्नॅप आहे.

भीमथडी | २ सप्टेंबर

अवांतर : हे सगळं शाळेच्या जेवणाच्या १९४६ च्या कायद्याचं बाळ. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनची सही. कायद्याच्या सुरुवातीलाच कारण दिलंय ते राष्ट्रीय सुरक्षेचं, मुलांच्या तब्येतीचं आणि शेतमाल खपवण्याचं, एका दमात. म्हणूनच पोरांचं जेवण शिक्षणखात्याकडे न जाता कृषीकडे गेलं. ज्याच्या घरी गहू उरला त्याच्याकडे पंगत.

चिमणचारा | २२ सप्टेंबर

थोडी प्रगती. साहेबांना १.६ सांगितला. त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः गुणाकार करून बघितला! लीगलचं उत्तर अजून नाही, पण तोवर एक मार्ग निघाला. गुरुवारी संध्याकाळी पालकसभेच्या वेळी काउंटीची एक बाई लॅपटॉप घेऊन आमच्या कॅफेटेरियात बसते. मी फॉर्म मंजूर झाल्याच्या पत्रासोबत एक चिठ्ठी घालते : 'गुरुवारी ६ ते ८, किराण्याच्या मदतीचा अर्ज इथेच भरून मिळेल.' माहिती कुणालाच द्यायची नाही, फक्त माणसं एका खोलीत आणायची. पहिल्या गुरुवारी अकरा घरं आली. त्या तीन मुलांची आई नाही आली, तिची रात्रपाळी असते. तिच्याशी त्या बाईंचं फोनवर बोलणं करून दिलं, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, रात्री साडेनऊला. मुलाखत फोनवर झाली.

अबोली | २२ सप्टेंबर

साडेनऊला फोन घेणारी बाई मिळाली हे भाग्य.

चिमणचारा | ६ नोव्हेंबर

धागा वर काढते, कारण काहींनी माझ्या पानावर विचारलं.

तिचं स्नॅप ऑक्टोबरमध्ये मंजूर झालं. कार्ड आलं. एकदाच भरलं. मग बजेट मंजूर न झाल्याने केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कार्डात पैसे आले नाहीत, देशभरातल्या चार कोटींहून जास्त लोकांसारखेच. काउंटीबाबू, तुमच्याकडे काय चाललंय त्याची कल्पना करवत नाही.

सोमवारी सकाळी ती ऑफिसात आली. रात्रपाळी संपवून थेट, डोक्याची जाळी तशीच. म्हणाली, 'आता तो जुना फॉर्म परत भरायचा का? मुलांचं दुपारचंही बंद होईल ना?' तिला वाटलं, कार्ड रिकामं म्हणजे सगळंच रद्द.

मी तिला स्क्रीन फिरवून दाखवली. एकदा मंजूर झालं की ते या शालेय वर्षाच्या शेवटपर्यंत, आणि पुढच्या वर्षीचे पहिले तीस दिवसही. कार्डात पैसे येवोत न येवोत. तिने तिन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग विचारलं की शुक्रवारी त्या टेबलावरचं उरलेलं कुणी घेऊ शकतं का, की फक्त मुलांनीच घ्यायचं. नियमाने फक्त मुलांनी. मी म्हटलं, तुमचा मधला घेतो, मला माहीत आहे. ती हसली. म्हणाली, तो मला सांगतो की शाळेत बक्षीस मिळतं.